अर्धं स्टूल

चन्ना, आधी त्या विभूतीचं सांगून टाकतो, म्हणजे तुझ्या मनात काही राहायला नको.

परवा सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी मागावर होतो. तसाच निघालो. तुमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि बसलेलाच पुरतात, हे काय मला ठाऊक नाही? सोलापुरात जन्म गेला माझा. तरी तुझ्या दारातून आत पाहिलं आणि पाय जागीच थांबले. समोरच्या भिंतीला टेकून तू बसला होतास. अंग उघडं, गळ्यात हार, हनुवटी जरा छातीकडे झुकलेली. नुकतीच अंघोळ घातली होती, त्यामुळे चेहरा घाम आल्यासारखा ओला. दोन्ही बाजूंना माणसांची दाटी. एवढ्या वर्षांत जे मला कधी बघायला मिळालं नव्हतं ते समोर होतं. चन्ना बसला होता.

पुढचं माझं डोकं करत नव्हतं, हात करत होते. खांद्यावर टॉवेल होताच. मी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो, गुडघ्यावर बसलो आणि तुझं तोंड पुसलं. आधी कपाळ, मग गाल, मग मानेची मागची बाजू, पुन्हा कपाळ. वर तोंडातून निघून गेलं, "श्वास घे, लांब घे." घरातले सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. तेव्हा कुठे मी टॉवेलकडे पाहिलं. जंगम स्वामींनी तुझ्या कपाळावर ओढलेले विभूतीचे तिन्ही पट्टे माझ्या टॉवेलवर आले होते.

तुझे मामा उठलेच अंगावर. त्यांचं चुकलं नाही. गेलेल्या माणसाची विभूती पुसणारा मी कोण, आणि तोही मागावर कापड विणणारा पद्मशाली? पण सकाळपासून टिपूस न काढलेल्या वहिनी तेवढ्यात हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. म्हणाल्या, "असू द्या मामा. भाऊजींनी पुसलं नसतं तर ह्यांना चुकल्यागत वाटलं असतं." स्वामींनी पुन्हा तीन बोटं विभूतीत बुडवली. मी मागे सरकून बसलो. तुझी शपथ, चन्ना, तेवढ्या वेळात तुझ्या कपाळाला खरंच घाम आहे असं माझ्या हाताला लागलं होतं.

बॉक्सिंगच्या रिंगमध्ये तू कधीच बसला नाहीस. लोकांना तुझा डावा हात आठवतो, पाडलेले पैलवान आठवतात, उघड्या जीपमधली मिरवणूक आठवते. मला तू उभा आठवतोस. दोन राउंडच्या मध्ये एक मिनिट मिळतं. मी स्टूल घेऊन दोरांमधून आत यायचो, कोपऱ्यात मांडायचो आणि म्हणायचो, "बस की." आणि तू दोरावर हात टाकून उभाच. हेवीवेट माणूस, अंगावर पाणी ओतल्यासारखा घाम, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, तरी उभा. मी बुटका. तुझं तोंड पुसायला मला त्याच स्टुलावर चढावं लागायचं. पुढच्या रांगेतले लोक हसायचे. एकदा कोणीतरी ओरडलं, "स्टूल कुणासाठी आणलंय रे, बॉक्सरसाठी का नरसूसाठी?" तेव्हापासून तालमीत माझं नाव स्टूलवाला नरसू पडलं ते पडलंच.

आपले हवालदार, फौजेतून निवृत्त होऊन शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना ठोसे शिकवणारे, तुला शिव्या घालून दमले. बसलं की पाय जड होतात, लघवीला लागतं, काहीही सबबी तू सांगायचास. अंडी खायची नाहीत आणि बसायचं नाही, या दोन गोष्टींवर तू त्यांना कधी दाद दिली नाहीस. अंड्यांचं त्यांनी सोडून दिलं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि लोटाभर दूध एवढ्यावर हे धूड वाढतंय म्हटल्यावर ते तरी काय बोलणार? बसण्याचं मात्र त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिलं.

मला तू खरं कारण सांगितलंस ते कुर्डुवाडीच्या फलाटावर. तुला रेल्वेत खेळाडू म्हणून नुकतीच नोकरी लागली होती आणि आपण तुझ्या खोलीसाठी सामान घेऊन गेलो होतो. गाडीला उशीर होता. बाक रिकामं होतं आणि तू त्यावर मस्त ऐसपैस बसला होतास. मी चिडूनच विचारलं, इथे बसतोस, घरी बसतोस, मग रिंगमध्ये काय काटे टोचतात? तू रुळांकडे बघत म्हणालास, "आमच्यात मेल्यावर बसवत्यात. गर्दीसमोर बसायची ती एकच येळ. तवर मी उभा."

मग अज्जांचं सांगितलंस. तुझे अज्जा, म्हणजे वडिलांचे वडील, दुकानात ज्वारीच्या पोत्यावर बसून तुला मांडीवर घ्यायचे. ते गेले तेव्हा तू लहान होतास. त्यांना बसवलं, पण अंग एका बाजूला कलायला लागलं. भिंतीला बांधायची पट्टी कोणीतरी आणायला गेलं होतं, तोवर तुला त्यांच्या शेजारी बसवून सांगितलं, टेकू दे. तू तुझा एवढासा खांदा लावून बसलास. लोक येत होते, पाया पडत होते, तुझ्याकडेही बघत होते. आणि तू म्हणालास की अज्जा तुझ्याशी बोलले. तोंड न उघडता बोलले. "जा खेळ जा. तुझी येळ न्हाय ही. तुझी आली की बोलवतो, तवर जागा धरून ठिवतो."

एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं तू ते सांगितलंस, अगदी सहज. मला हसू आलं. मी म्हटलं, बरंय, तुमच्या घरात मेल्यावरही रिझर्व्हेशन असतं. तूही हसलास. गाडी आली. मात्र त्यानंतर मी तुला बस म्हणायचो तेव्हा मला बारीक भीती वाटायची, आणि तरी म्हणायचो. कोपऱ्यातल्या माणसाचं ते कामच आहे.

तुझा चढता काळ मी आजही कोणी विचारलं तर तासभर सांगू शकतो, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. राज्याचा किताब, मग देशाचा. बापाच्या दुकानात पोती उचलणारा चन्नवीर देशाची बनियन घालून परदेशात जाऊन आला. परत आलास तेव्हा स्टेशनपासून बाळीवेशीपर्यंत माणूस मावत नव्हता. त्या वर्षी आमच्या मालकाने नक्षीच्या जॅकार्ड मागावर तुझं चित्र विणलं, दोन्ही मुठी वर केलेलं, आणि त्याचे टॉवेल काढले. मीच काढले, माझ्याच मागावर. तुझं नाक पहिल्या वेळी जरा वाकडं आलं होतं. तू म्हणालास, राहू दे, पुढच्या सामन्यात तसंच व्हायचंय. गावात ज्याच्या त्याच्या खांद्यावर तू होतास. लोक सकाळी उठून तुझ्या तोंडाने तोंड पुसत होते. तुला त्याची फार गंमत वाटायची. तुझ्याबरोबर मीही मोठा झालो, चन्ना. मागावर उभं राहून आयुष्य काढणाऱ्या माणसाला तू दिल्ली दाखवलीस, बर्फ दाखवलास, विमानातलं बेचव जेवण दाखवलंस. तुझे उपकार आहेत. हे तुझ्या तोंडावर बोललो असतो तर तू मला खांद्यावर उचलून गरागरा फिरवलं असतंस, म्हणून कधी बोललो नाही.

आता आपल्या भांडणाचं. ते तू अर्ध्यावर टाकून गेलास, पण मी टाकणार नाही.

तो आपल्याच गावातला सामना. वय झालं होतं तुझं. हवालदार तोवर वारले होते, नाहीतर त्यांनी तुला उतरू दिलं नसतं. समोर उत्तरेकडचा कोवळा गडी, उंच, मिसरूड फुटलेला. पहिला राउंड तू घेतलास. दुसऱ्यात त्याने तुझ्या कानशिलावर दिलेला ठोसा मी पाहिला आणि त्याचा आवाजही ऐकला, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. पण तू पडला नाहीस. तूही त्याला दिलंस. घंटा झाली, तू कोपऱ्यात आलास. गुणांवर तू पुढेच होतास, हे मला मान्य आहे. मी कधी नाही म्हटलं नाही.

मी टॉवेल टाकला, तोच, तुझं चित्र असलेला. तिसऱ्या राउंडची घंटा झाली, तू दोन पावलं पुढे गेलास आणि मी तो रिंगमध्ये फेकला. तो तुझ्या पायाशी पडला, मुठी वर केलेला. पंचांनी हात हलवले. सगळं मैदान माझ्या नावाने शंख करत होतं. तू खाली वाकून तो उचललास, उलगडून पाहिलास आणि मला म्हणालास, "माज्याच तोंडानं मला हरवलास व्हय रं."

त्यानंतर किती महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. बोलायला लागलास ते हेच विचारायला. का टाकला? मी पुढे होतो की नाही? माझे पाय ठीक होते की नाही? मी म्हणायचो, मला वाटलं म्हणून टाकला. तू म्हणायचास, तुला काय वाटतं ते विचारत नाही, काय दिसलं ते सांग. मी सांगितलं नाही. आज सांगतो.

चन्ना, तू बसला होतास.

दुसऱ्या राउंडनंतर मी सवयीने स्टूल मांडलं आणि सवयीने म्हटलं, बस की. आणि तू बसलास. सगळ्या गावासमोर. पण पूर्ण नाही बसलास. एवढा मोठा देह, आणि स्टुलाच्या उजव्या कडेला अंग चोरून, अर्ध्या जागेत बसलास. डावीकडची अर्धी जागा मोकळी. मी पाणी पुढे केलं तर तू माझ्याकडे बघत नव्हतास. त्या मोकळ्या जागेकडे मान वळवून, कोणाला तरी त्रास होऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणालास, "अज्जा, बसलाव का नीट?"

मग घंटा झाली आणि तू उठून गेलास, जसं काही झालंच नाही. तुला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. मी एकदा चाचपून पाहिलं होतं. तू त्या दिवशी बसला होतास का रे, असं विचारलं. तू चिडलास. म्हणालास, "जल्मात बसलो न्हाय मी." आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? तुला काय सांगायला हवं होतं? तुझा अज्जा जागा धरून तुला बोलवायला आला होता, हे? मी टॉवेल टाकला, कारण मला तुला त्याच्याकडून परत घ्यायचं होतं. मी आजही तेच करीन. तू कितीही भांड.

आणि मिळालास तू परत, पण सगळा नाही. उतरती कळा लागली ती लागलीच. जत्रांमध्ये मंडप टाकून तुझे दिखाव्याचे सामने व्हायचे. अकलूजकडे, अक्कलकोटकडे, कुठे कुठे. तू जायचास, मी यायचो. स्टूल न्यायचो आणि मांडायचोच नाही. मग तुझा हात कापायला लागला. कपबशीचा आवाज वहिनींना आतल्या खोलीत ऐकू जायचा. मग शब्द हरवायला लागले. मिठाला तू पांढरं म्हणायचास. माझं नाव गेलं आणि स्टूलवाला एवढंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, डोक्याला इतके मार बसलेत, हे असंच होत जाणार. सगळं गाव तुला विसरलं. जॅकार्डचं ते डिझाइन मालकाने कधीच मोडीत काढलं होतं.

शेवटी शेवटी घंटेचं सुरू झालं. घंटा वाजली की तू उठायचास. देवळाची, सायकलची, घंटागाडीची, कुठलीही. जेवता जेवता उठून मुठी वर करायचास, डावा पाय पुढे. गल्लीमागे शाळा. प्रत्येक तासाला तू उभा. वहिनी दंडाला धरून म्हणायच्या, "कुंद्री, शाळंची घंटा हाय ती. बसा." त्यांच्या कानडीलाही तू बधायचा नाहीस. समोर जो कोणी नसायचा त्याच्याशी तू एक राउंड खेळायचास आणि मगच ताट पुढे ओढायचास. गल्लीतली पोरं मुद्दाम सायकलच्या घंट्या वाजवायची. त्यांच्यातल्या दोघांचे कान मी पिळले, पण पोरंच ती, काय उपयोग? तुमचे स्वामी घरी पूजेला यायचे ते आपली घंटा दारातच ठेवून यायचे, इतकी तुझी ती सवय सगळ्यांना माहीत झाली होती. तू झोपेतही उठायचास, असं वहिनी सांगायच्या. माणूस झिजत झिजत वाळक्या तुराटीवर आला, पण घंटेला उठणं सुटलं नाही. मला तेव्हा देवाकडे एकच मागावंसं वाटायचं, याला एकदा कोणीतरी बसवा.

म्हणून परवा भिंतीशी बसलेल्या तुला पाहून मला दुःखाच्या आधी बरं वाटलं. हेही आज सांगून टाकतो.

पण तू काही नीट बसेनास. बायका ओव्या म्हणत होत्या, माणसं येऊन पाया पडत होती, आणि तू हळूहळू उजवीकडे सरकत होतास. वहिनींनी सरळ केलं. पुन्हा सरकलास. मामांनी उशी लावली, तरी थोड्या वेळाने तेच. डावीकडे बसलेली माणसं नकळत मागे सरली होती आणि तुझ्या डाव्या अंगाला एका माणसापुरती जागा मोकळी पडली होती. तिथे कोणी बसत नव्हतं. का, हे कोणाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शेवटी डोकं भिंतीच्या खिळ्याला बांधायचं ठरलं. वहिनींनी ट्रंकेतून तुझ्या हाताला बांधायच्या जुन्या पट्ट्या आणून माझ्यापुढे धरल्या. पिवळ्या पडलेल्या, अजून रिंगच्या घामाचा वास येणाऱ्या. या तुम्हीच बांधा, म्हणाल्या. मी बांधल्या. गाठ सैल नको, घट्ट नको. तुला कशी लागते ते मला ठाऊक आहे.

तेवढ्यात मला एक गोष्ट आठवली. तुमच्यात मयतापुढे स्वामी घंटा वाजवत चालतात. मी असलं काही मानत नाही. माझा मुलगा कॉलेजात शिकवतो, आमच्या घरात सूर्यग्रहणातही स्वयंपाक होतो. पण मी तुला घंटेला उठताना पाहिलंय, ताप एकशेचार असताना पाहिलंय. घंटा झाली आणि हा उठला तर? एवढ्या कष्टाने बसलाय, त्याला पुन्हा उठवू नका. मी स्वामींना बाजूला घेऊन हात जोडले आणि घंटा वाजवू नका म्हणालो.

वाटलं, एक विभूती पुसून झाली, आता हे माझ्या मुस्काटात देतील. ते म्हणाले, "घंटा तर हालवावी लागल. त्याच्याबिगर मला चालता येत न्हाय." मग त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "आतल्या लोळीला काय तरी गुंडाळा. तुमच्या त्या पट्टीतलं उरलं असल तर." मी गुंडाळलं, हाताला बांधतो तसं, बोटांच्या बेचक्यांतून काढतो तसं. मग आपण निघालो. तू खुर्चीच्या पालखीत, फुलांत बसलेला, आणि पुढे स्वामींची घंटा वरखाली होतेय, आणि आवाज काही नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. कोणीतरी कोणाला तरी विचारलं की हे कोण गेलं. तुझं नाव ऐकून तो म्हणाला, तो तर केव्हाच गेला होता ना.

रुद्रभूमीत खड्डा तयार होता. खड्ड्याच्या एका बाजूला आत कोरून तुम्ही बसवायची खोबण करता, ती मी पाहिली आणि मामांना विचारलं, एवढी रुंद कशाला? खणणारा म्हणाला, "चन्नवीर पैलवान म्हणल्यावर मापानंच काढली की." त्याने तुझं जुनं माप धरलं होतं, टॉवेलवरचं, जीपमधलं. तू आता निम्माही राहिला नव्हतास. तुला खोबणीत बसवलं तर तू उजव्या बाजूला बरोबर टेकलास आणि डावीकडे अर्धी जागा रिकामी.

आत उतरून, विभूती आणि बेलाची पानं छातीपर्यंत येईस्तोवर तुला धरायला एक माणूस हवा होता. मामांनी तुझ्या भाच्याचं नाव घेतलं. वहिनी म्हणाल्या, "नरसूभाऊजी उतरतील. कोपऱ्यात त्येच असायचे." मी उतरलो. खाली गारवा होता आणि माणसांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते. मी तुझ्यासमोर गुडघ्यावर बसलो, दोन्ही हात तुझ्या खांद्यांवर ठेवले. स्वामींनी तुझ्या डाव्या तळव्यात तुझं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं. मुठी वळून वळून गेलेला तो हात मी धरला तर आपसूक उघडला, पट्टी बांधताना उघडायचास तसा. वरून विभूती पडत होती. तुझे पाय झाकले, मांड्या झाकल्या. सगळं शांत होतं. मला वाटलं, झालं, सुटलो.

आणि भिंतीपलीकडची शाळा सुटली.

तिथे शाळा आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं, चन्ना. लांबलचक घंटा. लोखंडी पट्टीवर हातोडा मारतात ती, जुन्या मैदानावर वाजायची तशीच. स्वामींची विभूतीची मूठ वरच थांबली. वहिनी काठावर एकदम पुढे आल्या. आणि माझ्या दोन्ही तळव्यांखाली तुझे खांदे वर आले.

मी लोकांना सांगितलं, अंग आखडतं, मग सुटतं, माती सरकते, होतं असं. तुला खोटं सांगणार नाही. ते वर आले. आधी डावा, मग उजवा, तू उठायचास त्याच क्रमाने. आयुष्यभर मी तुला उठताना कधी अडवलं नव्हतं, फक्त एकदा टॉवेल फेकला होता. त्या दिवशी मी माझं होतं नव्हतं ते वजन तुझ्या खांद्यांवर टाकलं आणि कानाशी जाऊन म्हटलं, "चन्ना, तुझी न्हाय ही घंटा. सामना संपला. तू जिंकलास. बस की आता."

घंटा वाजत राहिली. वाजून वाजून थांबली. पोरांचा गलका झाला आणि लांब गेला. माझ्या हाताखाली तुझे खांदे हळूहळू खाली आले. तू बसलास. मी एवढी वर्षं सांगत होतो, ते पहिल्यांदा ऐकलंस.

वर काढायला मला दोघांनी हात दिला. डावीकडची रिकामी जागा मातीने भरून घेऊ का, असं खणणाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, राहू दे. वहिनीही म्हणाल्या, राहू दे.

आज मी मागावर परत आलोय. विभूतीचे तीन पट्टे असलेला टॉवेल धुतलेला नाही, खुंटीला आहे. सकाळी सुताच्या कांड्या भरायला बसलो होतो, मन लागत नव्हतं, तरी हात चालू होते. सून चहा घेऊन आली आणि मला बघत उभीच राहिली. म्हणाली, "मामा, कोण येणार हाय का?" मी खाली पाहिलं. मी स्टुलाच्या उजव्या कडेला अंग चोरून बसलो होतो. डावीकडची अर्धी जागा मोकळी होती.

मी म्हटलं, कोणी नाही, जागा धरून ठेवलीय. कोणी कुणासाठी धरलीय, ते तिने विचारलं नाही, आणि मला तरी कुठे ठाऊक आहे?